ज्यांची कोठेही ओळख नाही

नोकरीच्या शोधात निघालेल्या माणसाजवळ प्लास्टिकची एक फाइल असते आणि तिच्यातील कागदांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. सर्वांत वर दहावीची गुणपत्रिका, तिच्याखाली बारावीची, मग शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचे प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचा दाखला व त्याच्या वैधतेचे प्रमाणपत्र, एम.एस.-सी.आय.टी.चे रंगीत प्रशस्तिपत्र, आणि सर्वांत शेवटी एका लहानशा पाकिटात पासपोर्ट आकाराची छायाचित्रे. यांपैकी प्रत्येक कागदामागे तलाठ्याच्या कचेरीत, सेतू केंद्रात किंवा मुख्याध्यापकांच्या दारात घालविलेले तास असतात; त्यामुळे ती फाइल छातीशी धरून बाकावर बसलेल्या उमेदवाराला मनापासून असे वाटत असते की, आपल्याविषयी सांगण्यासारखे जे काही आहे ते सर्व या फाइलीत आहे. माझ्या मते नोकरीच्या शोधातील पहिली मोठी अडचण ही समजूतच होय, आणि ती दूर करण्याचे काम ज्या एका मेजावर चाललेले मी पाहिले, त्या मेजाविषयी मला प्रामुख्याने लिहावयाचे आहे.

हे मेज एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी कचेरीत आहे. दारावरच्या फलकावर ‘जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र’ असे लिहिलेले असले, तरी गावातील जुनी माणसे आणि रिक्षावाले तिला अद्याप ‘एम्प्लॉयमेंट’ म्हणूनच ओळखतात. नोंदणीसाठी आता येथे येण्याची गरज उरलेली नाही. ‘महास्वयम’ या सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि मोबाइलवर येणारा सांकेतिक आकडा भरला की घरबसल्या नाव नोंदले जाते. तरीही लोक येतात, आणि येतात ते पुष्कळदा नोंदणी करून महिने लोटल्यावर, कोठूनही काहीच उत्तर आले नाही म्हणून. संगणकावरील अर्जात चौकटी असतात, त्या चौकटी फाइलीत आहे तेवढेच विचारतात, आणि फाइलीत नाही ते कोणी विचारावे, असा प्रश्न शिल्लक राहतो. या कचेरीत ते काम एक ज्येष्ठ अधिकारी बाई करतात. त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसण्याची परवानगी मला मिळाली आणि मी मिळेल त्या सवडीने तेथे जाऊन बसत असे.

उमेदवार समोर येऊन बसला की, बाई फाइल हाती घेत नाहीत; ती त्याच्याच मांडीवर राहू देतात आणि विचारतात, ‘काय काम करायचंय?’ या प्रश्नाला येणारे उत्तर, मग समोर पदवीधर असो की नववीतून शाळा सोडलेला असो, जवळजवळ एकच असते: ‘काहीही चालेल.’ हे उत्तर देणाऱ्याला आळशी किंवा उदासीन समजणे हा मोठा अन्याय होईल. आपल्या घरांतून मुलांना जे वळण लावले जाते, त्यात मागणाऱ्याने निवड करू नये, मिळेल ते पदरात घ्यावे, ही शिकवण इतकी खोलवर रुजविलेली असते की, अमुकच काम हवे असे म्हणणे त्याला उद्धटपणाचे वाटते. परंतु कारखान्याकडून किंवा दुकानाकडून येणारे मागणीपत्र कधीही ‘काहीही करणारा इसम पाहिजे’ असे नसते. सरकारी व्यवसाय-वर्गीकरणात प्रत्येक कामाला एक संकेतांक दिलेला आहे, जोडाऱ्याला एक, काताऱ्याला दुसरा, शीतगृहाच्या यंत्रचालकाला तिसरा, आणि ‘काहीही’ला त्यात कोठेच जागा नाही. म्हणून बाईंचे खरे काम पहिल्या प्रश्नानंतर सुरू होते.

एका सकाळी एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा समोर बसला होता. बारावी उत्तीर्ण, गुण बेताचे, पुढे शिक्षण नाही.

‘बारावीनंतर काय करत होतास रे?’

‘काही नाही मॅडम. घरीच.’

‘घरी म्हणजे? सकाळी उठून जायचास कुठं?’

‘मामाच्या दुकानात बसायचो.’

‘दुकान कशाचं?’

‘मोटारी भरायचं.’

शेतीच्या गावात वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते की, विहिरीवरची पाण्याची मोटार जळाली म्हणजे तिच्या आतील तांब्याच्या तारेचे जळके वेढे काढून, नव्या तारेची वेटोळी मोजून गुंडाळून, त्यांवर वार्निश चढवून ती पुन्हा चालू करावी लागते, आणि ऐन उन्हाळ्यात ऊस वाळू लागला असता हे काम करणाऱ्याच्या दारात शेतकऱ्यांची रांग लागते. बाईंनी त्याला विचारले की, तार कोणत्या जाडीची लागेल हे कोण ठरवीत असे, वेढे कोण मोजीत असे, बेअरिंग गेले आहे हे आवाजावरून कोण ओळखीत असे. आणि तो मुलगा, जो इतका वेळ जमिनीकडे पाहून एकेका शब्दात उत्तरे देत होता, तो मान वर करून, हातांनी स्टेटरचा आकार दाखवीत बोलू लागला. तीन अश्वशक्तीची मोटार आपण एकट्याने भरतो, साडेसातची असली तर मामा लागतो, असे त्याने सांगितले. हे तू अर्जात का लिहिले नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘त्याचं सर्टिफिकेट नाहीये.’

या वाक्यापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. प्रमाणपत्र नाही म्हणून कौशल्यही नाही, असे त्याला कोणी शिकविले नव्हते. चौकटींनी भरलेल्या अर्जांनी ते त्याच्या मनावर बिंबविले होते. बाईंनी त्याच्यापुढे मार्ग मांडले ते असे. शाळेबाहेर शिकलेल्या कामाची परीक्षा घेऊन त्याचे प्रमाणपत्र देण्याची तजवीज कौशल्य विकासाच्या सरकारी योजनांत आहे, तिचा लाभ घ्यावा. किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा. किंवा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली एखाद्या कारखान्यात विद्यावेतनावर रुजू व्हावे. राज्य सरकारने २०२४ साली काढलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेचीही त्यांनी माहिती दिली. तिच्यात बारावी झालेल्यास सहा हजार, आय.टी.आय. किंवा पदविकाधारकास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये मासिक विद्यावेतन ठरविलेले होते. पण सर्वप्रथम त्यांनी काय केले असेल तर कोरा कागद त्याच्यापुढे सरकवून, जे आत्ता बोललास तेच लिही, असे सांगितले. त्याने लिहिलेल्या दहा-बारा ओळी मी वाचल्या. त्याच्या फाइलीतील एकाही कागदावर इतकी उपयुक्त माहिती नव्हती.

स्त्रियांच्या बाबतीत ही अडचण अधिक दाट असते. चौतिशीच्या एक गृहिणी आल्या होत्या. त्यांचे पहिले वाक्य होते, ‘मी काही करत नाही, घरीच असते.’ बाईंनी विचारले, ‘ताई, गावात बचत गट आहे का?’ आहे. ‘त्याची वही कोण लिहितं?’ वही त्याच लिहीत होत्या, आणि तीही गट स्थापन झाल्यापासून. दरमहाची बचत, सभासदांना दिलेले अंतर्गत कर्ज, त्यावरील व्याज, बँकेतील भरणा, सभेचे इतिवृत्त, हे सारे त्यांच्या हस्ताक्षरात होते, आणि बँकेच्या तपासणीत एकदाही फरक निघाला नव्हता. ज्या व्यक्तीने वर्षानुवर्षे सार्वजनिक पैशाचा हिशेब बिनचूक ठेवला, ती ‘काही करत नाही’ असे स्वतःविषयी म्हणते आणि आपला समाज ते ऐकून घेतो, याचे मला अतिशय दुःख वाटते. त्या बाईंच्या अर्जावर पुढे ‘हिशेबलेखन व रोखीचे व्यवहार’ अशी नोंद झाली, आणि एका पतसंस्थेच्या मागणीपत्राबरोबर त्यांचे नाव पाठविण्यात आले.

असे प्रश्न विचारणारे कोणी असावे, ही गरज नवी नाही. पूर्वी मुंबईच्या गिरणीत लागावयाचे म्हणजे जॉबरची मर्जी संपादन करावी लागे. भरती त्याच्या हाती, रजा त्याच्या हाती, आणि त्याची दस्तुरी दिल्यावाचून बदली कामगारालाही दिवस मिळत नसे. स्त्री-कामगारांच्या खात्यात हाच अधिकार नायकिणीकडे असे. १९३१ साली सादर झालेल्या, कामगारविषयक व्हिटली आयोगाच्या अहवालात या पद्धतीवर स्पष्ट टीका आहे. पण जॉबरपर्यंत पोहोचावयाचे तरी कसे? त्यासाठी गावकीची खोली होती. कोकणातून किंवा घाटावरून आलेला तरुण गिरणगावातील आपल्या गावच्या खोलीत पथारी टाकी, एखाद्या बाईच्या खानावळीत उधारीवर जेवी, आणि त्याच खोलीतील कोणी जाणता माणूस त्याला आपल्या खात्याच्या जॉबरपुढे उभा करी. गोव्याच्या खलाशांनी आणि बटलरांनी हीच व्यवस्था आपल्या पद्धतीने उभारली. धोबीतलाव आणि माझगाव या भागांत एकेका गावाची ‘कूड’ असे. बोटीवरून उतरलेला किंवा बोटीच्या शोधात असलेला गावकरी आपली पेटी भिंतीशी लावून तेथे राही, सायंप्रार्थनेला उभा राही, आणि कोणत्या कंपनीच्या बोटीवर जागा निघणार ही वार्ता त्याला तेथेच कळे. या संस्थांनी हजारो कुटुंबे जगविली, त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण त्यांचा आधार ओळख हा होता. ज्याच्या गावची खोली नाही, ज्याच्या जातीचा माणूस खात्यात नाही, ज्याचा कोणी मामा कोठे लागलेला नाही, त्याने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. ज्याची कोठेही ओळख नाही, त्याची ओळख सरकारने व्हावे, या विचारातच सार्वजनिक सेवायोजन कचेरीचे खरे समर्थन आहे असे मी मानतो.

हे खाते आपल्या देशात १९४५ च्या जुलै महिन्यात निघाले ते महायुद्धातून मुक्त होणाऱ्या सैनिकांना नागरी जीवनात स्थिर करण्यासाठी. १९४८ च्या आरंभी त्याची दारे सर्व प्रकारच्या उमेदवारांना खुली झाली. शिवराव समितीच्या शिफारशींनंतर १ नोव्हेंबर १९५६ पासून दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. आणि रिक्त जागांची माहिती कचेरीला कळविणे सक्तीचे करणारा १९५९ चा अधिनियम ज्या दिवशी अमलात आला, तो दिवस १ मे १९६०, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचाच दिवस होता. सर्व सरकारी आस्थापना आणि पंचवीस किंवा अधिक माणसे कामावर असणाऱ्या खाजगी आस्थापना या कायद्याच्या कक्षेत होत्या. बाई सेवेत आल्या तेव्हा कचेरीत पुठ्ठ्याच्या कार्डांनी भरलेल्या खणांची कपाटे होती. प्रत्येक उमेदवाराचे कार्ड त्याच्या व्यवसाय-संकेतांकाच्या खणात, नोंदणीच्या तारखेच्या क्रमाने लावलेले असे, आणि मागणीपत्र आले की त्या क्रमाने नावे काढली जात. दहावीचा निकाल लागल्यावर पोराला घेऊन बापाने प्रथम या कचेरीत यावे, कार्ड काढावे, दर तीन वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे आणि पोस्टमनच्या हाती ‘कॉल’ येण्याची वाट पाहावी, हा अनेक घरांचा शिरस्ता होता. मुदतीत नूतनीकरण राहिले तर ज्येष्ठता जात असे, म्हणून लोक भर पावसात तालुक्याच्या गावांहून येत. ती वाट पुष्कळांच्या बाबतीत संपलीच नाही, हे खरे. परंतु मोठ्या वकिलाच्या मुलाचे आणि शेतमजुराच्या मुलाचे कार्ड एकाच खणात तारखेच्या क्रमाने उभे राहत होते, या गोष्टीची किंमत मी कमी लेखणार नाही.

कायद्यात मात्र दोन दुबळ्या जागा प्रथमपासून होत्या. जागा कळविणे सक्तीचे होते, पण कचेरीने पाठविलेल्या उमेदवारालाच घेणे सक्तीचे नव्हते, असे कायद्याच्या चौथ्या कलमातच म्हटले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली त्यावर शिक्कामोर्तब केले. जागा न कळविणाऱ्या मालकास पहिल्या अपराधाबद्दल कमाल दंड पाचशे रुपये होता. पुढे १९९६ साली त्याच न्यायालयाने असे ठरविले की, केवळ कचेरीकडून नावे मागवून भरती करणे पुरेसे नाही, वर्तमानपत्रांत व अन्य साधनांनी जाहिरातही द्यावी, म्हणजे नोंदणी नसलेल्या पात्र उमेदवारावर अन्याय होणार नाही. निर्णय न्याय्यच होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, शोधाचा भार पुष्कळ अंशी कचेरीच्या खणांवरून उमेदवाराच्या डोळ्यांवर आला. आता जाहिरात त्याने स्वतः शोधावी, स्वतः वाचावी, आणि स्वतःच समजून घ्यावी लागते.

जाहिरात वाचणे हे किती कठीण काम आहे, हे ज्याने ते कधी केले नाही त्याला सांगून पटणार नाही. पदसंख्या, सामाजिक व समांतर आरक्षणाचा तक्ता, शैक्षणिक अर्हता कोणत्या दिनांकास धारण केलेली असावी, वयाची गणना कोणत्या दिनांकास व्हावी, टंकलेखनाची गती मराठीत तीस आणि इंग्रजीत चाळीस शब्द प्रतिमिनिट, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र कोणत्या आर्थिक वर्षासाठी वैध. यांतील एका ओळीचा अर्थ चुकला तर लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही उमेदवार कागदपत्रांच्या पडताळणीत बाद होतो. या कामी मी पाहिलेली सर्वांत विश्वसनीय मदत एका तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात होती. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने अनुदानपात्र झालेल्या, तुटपुंज्या पगाराच्या माणसांवर चालणाऱ्या अशा वाचनालयांत सकाळी सातपासून मुले अभ्यासिकेच्या बाकांवर बसलेली असतात. तेथील ग्रंथपाल रोज वर्तमानपत्रांतील आणि ‘रोजगार समाचार’मधील जाहिराती कापून फलकावर लावीत, आणि प्रत्येक कात्रणावर तांबड्या शाईने अर्जाची शेवटची तारीख व तिच्या पाच दिवस अगोदरची तारीख अशा दोन तारखा लिहीत. दुसरी तारीख कशासाठी, असे विचारता ते म्हणाले, ‘शेवटच्या रात्री सगळेच अर्ज भरायला बसतात आणि सर्व्हर बंद पडतो. माझ्या मुलांची शेवटची तारीख ही.’

त्याच अभ्यासिकेत असेही काही जण होते, ज्यांच्याविषयी ते ग्रंथपाल हळू आवाजात बोलत. राज्यसेवेच्या परीक्षांना खुल्या प्रवर्गातील उमेदवारास अडतिसाव्या वर्षापर्यंत बसता येते. एकेका वर्षाने पुढे सरकत त्या सीमेशी येऊन ठेपलेला मनुष्य दुसऱ्या कोणत्याही कामासाठी अननुभवी ठरतो. अशांना केवळ ‘प्रयत्न चालू ठेव’ असे सांगणे म्हणजे मदत नव्हे. ग्रंथपालांनी त्यांतील दोघांना शेजारच्या गावातील मुलांना गणित शिकविण्याचे, एकाला पतसंस्थेत अर्धवेळ लेखनिकाचे काम मिळवून दिले होते, आणि अभ्यास न सोडता ते चालू होते. माझ्या दृष्टीने ही गोष्ट अनेक मार्गदर्शक व्याख्यानांहून मोलाची आहे.

बाईंच्या कचेरीमार्फत रोजगार मेळावाही भरतो. महाविद्यालयाच्या सभागृहात मेजांच्या रांगा, प्रत्येक मेजामागे कंपनीचा फलक, आणि पहाटेच्या एस.टी.ने आलेली, इस्त्रीचे कपडे घातलेली मुले. येथे माझे लक्ष वेधून घेतले ते दाराशी उभ्या असलेल्या कचेरीच्या एका कनिष्ठ लिपिकाने. आत जाणाऱ्या प्रत्येक गटाला थांबवून तो सांगे की, मुलाखत देऊन उठण्यापूर्वी काही गोष्टी विचारल्यावाचून उठू नका: पगार कंपनी देणार की कंत्राटदार, सांगितलेल्या आकड्यातून हातात किती पडणार, रात्रपाळी आहे काय, आणि असल्यास बसची सोय आहे काय, नेमणुकीचे पत्र मिळणार काय. वार्षिक खर्चाचा म्हणून जो मोठा आकडा फलकावर लिहिलेला असतो, त्यात मालकाने भविष्यनिर्वाह निधीत भरावयाचे मूळ वेतनाचे बारा टक्केही पुष्कळदा धरलेले असतात, शिवाय तितकेच बारा टक्के कामगाराच्या वेतनातून कापले जातात, हे तो मुलांना कागदावर वजाबाकी करून दाखवी. काही कंपन्यांच्या प्रतिनिधींना हे प्रश्न रुचत नसत. तथापि, ज्यांनी विचारून नोकरी घेतली त्यांच्यापैकी फार थोडे पहिल्या महिन्यात सोडून आले, असे बाईंचे निरीक्षण आहे, आणि मालकाच्या दृष्टीनेही हाच लाभ मोठा नव्हे काय?

फसवणुकीविषयी कचेरीच्या भिंतीवर एकच वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: नोकरी देणारा पैसे मागत नाही. गणवेशाची अनामत, प्रशिक्षणाचे शुल्क, संगणकाची सुरक्षा ठेव, अशी नाना नावे घेऊन मोबाइलवर निवडपत्रे येतात आणि गरजू माणूस व्याजाने पैसे काढून ते भरतो. परदेशी जाणाऱ्यांची स्थिती थोडी निराळी आहे, कारण तेथे मध्यस्थाला मोबदला घेण्याची कायद्यानेच मुभा आहे. पण १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाखाली तो मध्यस्थ परवानाधारक असला पाहिजे आणि त्याने उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक घेता कामा नये. रत्नागिरीकडील एका तरुणाकडून एका मध्यस्थाने याच्या कित्येक पट रक्कम मागितली होती. बाईंनी त्याच्यासमोरच परवान्याचा क्रमांक सरकारी ‘ई-मायग्रेट’ यादीत शोधला. तो तेथे नव्हता. त्या तरुणाच्या आईचे मंगळसूत्र त्या दिवशी गहाण पडावयाचे राहिले.

आता ज्यांना या मेजापर्यंत येताच येत नाही त्यांच्याविषयी. १९५९ च्या कायद्याने आपल्या कक्षेतून जे वगळले, ते तिसऱ्या कलमात नमूद आहे: खाजगी शेतीतील काम, घरकाम, तीन महिन्यांहून कमी मुदतीचे काम, कचेरीतील अकुशल काम, शिवाय महिना साठ रुपयांहून कमी वेतनाची जागा. म्हणजे देशातील बहुसंख्य कष्टकरी ज्या कामांवर जगतात, ती कामे त्या कार्डांच्या कपाटांत कधी शिरलीच नाहीत. २०१५ साली राष्ट्रीय करिअर सेवा सुरू झाली, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने जुन्या कायद्याची जागा घेण्याची व्यवस्था केली. तरी या लोकांची कामाची कचेरी पूर्वी होती तेथेच आहे, म्हणजे मजूर नाक्यावर.

सकाळी साडेसातला तेथे शेदोनशे माणसे उभी असतात. थापी आणि ओळंबा पिशवीत घेतलेला गवंडी, रंगाचे ब्रश काखेत धरलेला रंगारी, डोक्यावर टोपले उपडे धरलेल्या बिगारी बाया, आणि त्यांच्या पलीकडे, नुकताच दुष्काळी तालुक्यातून आलेला, कोणत्याच गटात न मावणारा एखादा मजूर जोडीदारासह. मुकादम किंवा घरमालक येतो, बोटांनी संख्या सांगतो, रोज ठरतो, टेम्पो निघून जातो. दहानंतर जे उरतात त्यांचा दिवस बुडाला असे समजावयाचे. येथे मदत म्हणजे काय, हे मला एका गवंड्याने दाखविले. बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्याने कल्याणकारी मंडळाची योजना केली. मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, बाळंतपणाला त्यातून साहाय्य मिळते. मात्र नोंदणीसाठी मागील वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. कायमच्या ठेकेदाराकडे असणाऱ्याला तो मिळतो. पण नाक्यावरचा माणूस आज एका ठिकाणी, उद्या दुसऱ्या ठिकाणी, त्याचे नव्वद दिवस कोण लिहून देणार?

हा गवंडी दहावीपर्यंत शिकलेला. त्याने स्वतःची आणि आपल्याबरोबर उभ्या राहणाऱ्या चौदा जणांची एक लांब बांधणीची वही घातली आहे. एका पानावर एक मनुष्य. तारीख, कामाचे ठिकाण, नेणाऱ्याचे नाव व मोबाइल, काम कोणते, रोज किती ठरला, किती मिळाला, आणि शेवटच्या रकान्यात नेणाऱ्याची सही. पहिल्या काही आठवड्यांत सही देण्यास पुष्कळांनी हरकत घेतली. त्याने मग संध्याकाळी मजुरी हातात घेण्याच्या वेळीच वही पुढे करण्याचा परिपाठ ठेवला, कारण त्या क्षणी नाही म्हणणे माणसाला जड जाते, असे त्याने मला सांगितले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या पानावरही रकाने तोच भरतो, आणि महिन्याअखेर दिवसांची बेरीज त्यांना वाचून दाखवितो. मी गेलो त्या आठवड्यात तिघांची नव्वदी पूर्ण झाली होती, आणि ती पाने घेऊन नगरपालिकेत दाखल्यासाठी कोणत्या खिडकीशी उभे राहावयाचे, सोबत आधार कार्डाच्या किती नकला न्यावयाच्या, हे तो त्यांना समजावून सांगत होता. चौथ्या एका बाईंच्या पानावर एक्याऐंशी दिवस झाले होते, आणि त्यांना नेण्यासाठी तो त्या सकाळी आलेल्या प्रत्येक मुकादमाशी बोलत होता.